ट्रामच्या फोटोत आपण कुठं?

जुन्या मुंबईचे फोटो हल्ली जिकडंतिकडं दिसतात. पायधुणी, क्रॉफर्ड मार्केट, बोरीबंदर. रुळावर ट्राम, बाजूला व्हिक्टोरिया, फेटेवाले, टोपीवाले. बघणारे हळहळतात, काय मोकळी मुंबई होती! मीही बघतो. पण मी फोटोच्या कडेला बघतो. कधी तिथं एखादा झाडूवाला सापडतो, वाकलेला, पाठमोरा. फोटोखाली इमारतीचं नाव असतं, साहेबाचं असतं. त्याचं नसतं.

९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. तोवर तेहतीस वर्षं घोडे राबले. इतिहासकार घोड्यांचा हिशेब देतात. रस्त्यावरची लीद कुणी उचलली, ते कोण लिहिणार? पालिकेत हलालखोर खातं होतं, त्या नावाचा करही होता. कराची नोंद राहिली, माणसं गेली.

तरीपण ट्रामला मी शिव्या देणार नाही. माझा बाप गावाकडनं आला आणि गोदीत हमालीला लागला. तो सांगायचा, ‘पहिल्यांदा ट्रामात बसलो तवा अंग चोरून बसलो. शेजारी धोतरवाला बामण. म्हटलं, आता उठवतोय. कंडक्टर आला, पैसे घेतले, तिकीट फाडलं, पुढं गेला. जात इचारलीच नाही.’ एवढंच. पण सत्तरी गाठली तरी बाप हे विसरला नाही.

का विसरला नाही, ते बाबासाहेबांच्या आयुष्यात बघा. १९०१ साली लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही पोरांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. १९२९ साली तेच भीमराव बॅरिस्टर होऊन चाळीसगावला उतरले. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला राजी नव्हता. म्हणून आपल्याच वस्तीतल्या, कधी टांगा न हाकलेल्या माणसाच्या हातात लगाम दिला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. विलायतेची पदवी टांग्यात चालली नाही. माझ्या अडाणी बापाचं तिकीट ट्रामात चाललं.

पण शहराचे पवाडे गाऊ नका. ट्रामातनं उतरून गिरणीत गेलं की विणकाम खात्याचं दार आपल्याला बंद. धाग्याला तोंड लागतं, विटाळ होतो म्हणे! शेजारी बसू देणारं शहर पगाराच्या जागी जात विचारत होतं.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टी.टी. हे नाव तेवढं तोंडात राहिलं.

त्याआधीचा एक फोटो मात्र माझ्या भिंतीवर आहे. ७ डिसेंबर १९५६. राजगृहातून बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, व्हिन्सेंट रोडवरून, पोयबावडी, एल्फिन्स्टन करत दादर चौपाटीकडं. या फोटोत आपण कडेला नाही. रस्ताभर आपणच आहोत. बाप त्यात कुठंतरी आहे, मला अजून सापडला नाही. तोच व्हिन्सेंट रोड आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे.

मित्रांनो, ट्रामात बसलेली आपली माणसं आता थोडी उरलीत. आज्जीच्या पत्र्याच्या पेटीत एखादा फोटो असेल. तिच्याजवळ बसा, प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, ‘हे कोण?’ आणि फोटोच्या मागं नाव लिहा. दुसरं कुणी लिहिणार नाही.