शिलालेखाच्या ओळी आणि त्यांची जोडणी

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी क्रमांक ३ च्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा सुप्रसिद्ध लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील हा प्राकृत लेख ११ ओळींचा असून सातवाहनांच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन होय. १८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेकरिता रा. गो. भांडारकर यांनी नाशिकच्या लेखांचे विवेचन केले. पुढे एमिल सेनार यांचे संपादन 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात (१९०५-०६) प्रसिद्ध झाले. अशा प्रत्येक संपादनात ओळीस ओळ जोडण्याचे एक काम असते. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

कोरीव ओळ जागा संपते तेथे संपते. अर्थ तेथे संपलेला असतोच असे नाही. या लेखाची पहिली ओळ हिमवान आणि मेरू या नावांवर थांबते. मंदराचे नाव दुसऱ्या ओळीच्या आरंभी येते. तिन्ही मिळून एकच समास आहे : गौतमीपुत्र या पर्वतांसारखा सारवान. शब्द अपुरा राहिल्याचे कोणतेही चिन्ह ओळीच्या अखेरीस नाही. ते ठरविण्याची जबाबदारी सर्वस्वी वाचकावर येते. हीच अडचण ओळीच्या पोटातही उद्भवते. गौतमीपुत्राच्या प्रदेशांच्या यादीतील 'आकरावंती' हे एकच नाव मानावयाचे, की आकर आणि अवंती अशी दोन? या निर्णयावर माळव्याच्या प्राचीन भूगोलाचा नकाशा अवलंबून आहे.

अभ्यासक आता असा लेख संगणकावरील मजकूर-संपादकात ओळवार उतरवून घेतात आणि सलग पाठ सिद्ध करण्यासाठी ओळी जोडतात. या साधनांच्या इतिहासातही तोच प्रश्न आढळतो. केन थॉम्प्सन यांच्या 'एड' या संपादकात (१९६९) जोडणीची आज्ञा दोन ओळींमध्ये काहीही न घालता त्या एकत्र करी. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास रचलेल्या 'व्हीआय'मध्ये मोठ्या 'जे'ची आज्ञा दोहोंमध्ये एक मोकळी जागा घालू लागली. ब्राम मोलेनार यांच्या 'व्हिम'मध्ये (१९९१) 'जे'च्या जोडीस 'जी-जे' ही आज्ञाही आहे. ती मोकळी जागा घालीत नाही आणि काढीतही नाही.

बलश्रीच्या लेखास सरसकट 'जे' लावल्यास मेरू आणि मंदर यांच्यामध्ये खंड पडतो, आणि पुढे संपूर्ण समासाचा शोध घेणाऱ्यास तो सापडत नाही. सरसकट 'जी-जे' लावल्यास जेथे शब्द खरोखर संपला आहे तेथे दोन शब्द एकमेकांस चिकटतात. शिवाय ओळीच्या अखेरीस नकळत राहिलेली मोकळी जागा तशीच राहून समास फोडते. तिसरा दोष अधिक फसवा आहे. चिनी व जपानी लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत; त्या भाषांच्या सोयीसाठी 'व्हिम'च्या मजकूर-रचनेच्या पर्यायात 'एम' हे अक्षर ठेवता येते. ते असता बहुबाइट अक्षरांच्या आधी वा नंतर 'जे'देखील जागा घालीत नाही. देवनागरी अक्षरेही बहुबाइट असल्याने शब्द निमूटपणे एक होतात. आज्ञा बिघडली असे अशा वेळी वाटते. वस्तुतः ती दुसऱ्या लेखनपरंपरेचा नियम पाळीत असते.

म्हणून मूळ ओळवार प्रत ओळींच्या क्रमांकांसह अबाधित राखावी आणि जोडणी वेगळ्या प्रतीत करावी. प्रत्येक सांधा अर्थ पाहूनच जुळवावा. शब्द तुटला असेल तेथे 'जी-जे' आणि संपला असेल तेथे 'जे' योजावे. सेनार यांनी मुद्रित पाठात ओळींचे क्रमांक राखले आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सांध्याची तपासणी आजही करता येते. क्रमांक पुसून केलेल्या सलग पाठाची तशी तपासणी करता येत नाही, आणि संपादकाचा निर्णय कोरक्याच्या नावावर जमा होतो.