बेस्म-6 नंतर काय झालं?

सरकारी नियोजनात संशोधन होतच नाही, असं आम्हा इंजिनिअर लोकांत सर्रास बोललं जातं. मला नाही पटत. सर्गेई लेबेदेव यांचा बेस्म-6 बघा: 1960 च्या दशकातला, सेकंदाला सुमारे 10 लाख क्रिया करणारा, अस्सल सोव्हिएत डिझाइनचा कंप्युटर! घोडं अडलं ते पुढे. 1969 च्या अखेरीस वरून ठरलं, आता आयबीएम 360 ची नक्कल करायची. लेबेदेव यांचा विरोध होता. तयार सॉफ्टवेअर आयतं मिळेल, हा हिशोब तसा खुळा नव्हता; पण आयबीएमनं ती मालिका 1964 मध्येच जाहीर केलेली. अमेरिकेतही पैसा बऱ्याचदा सरकारचाच, अर्पानेट घ्या ना. फक्त तिथे आयबीएम चुकली तर डेक होती, सीडीसी होती. इकडे मिन्स्क, उराल या मालिका हळूहळू गुंडाळल्या गेल्या. लष्कराच्या आधारानं एल्ब्रुस तेवढा आपल्या वाटेनं गेला.