काटक उत्पादनपद्धती आणि पर्यावरण : ‘अपव्यय’ या संकल्पनेचे स्थित्यंतर

कारखान्यातील काटकसर आणि निसर्गातील काटकसर या दोन्ही गोष्टी मूलतः एकच होत, असे गृहीत धरून गेल्या काही दशकांत उद्योगव्यवस्थापनाचे पुष्कळसे विवेचन झालेले आहे. ‘लीन’ अर्थात काटक उत्पादनपद्धती स्वीकारली की अपव्यय टळतो आणि अपव्यय टळला की प्रदूषण घटते, असा हा तर्क आहे. तथापि विसाव्या शतकाच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहता, या तर्कातील ‘अपव्यय’ हा शब्द सर्वकाळ एकाच अर्थाने वापरला गेलेला नाही, असे दिसून येते. तर्काचे बलाबल ठरवावयाचे तर प्रथम या शब्दाचा इतिहास तपासणे अवश्य ठरते.

या विचाराचा एक उगम अमेरिकेत, हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांत सापडतो. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टुडे अँड टुमॉरो’ या त्यांच्या ग्रंथात टाकाऊ पदार्थांपासून घ्यावयाच्या धड्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. मिशिगन राज्यातील लाकूडकामात उरणाऱ्या तुकड्यांपासून कोळशाच्या विटा तयार करण्यात येत. रूझ नदीकाठच्या प्रचंड कारखान्यात झोतभट्टीच्या मळीपासून सिमेंट बनविले जाई. मात्र या उद्योगामागे निसर्गरक्षणाची दृष्टी नव्हती. विकत घेतलेल्या मालाचा प्रत्येक कण कामी यावा, एवढाच त्यामागील हेतू होता. जे विकत घ्यावे लागत नव्हते, त्या पाण्याचा आणि हवेचा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता. अनेक उद्योगांचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या त्याच रूझ नदीवरील तेलकट कचऱ्याने १९६९ मध्ये पेट घेतला, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

१९५० साली एजी तोयोदा यांनी रूझचा कारखाना पाहिला, तेव्हा त्यांची स्वतःची मोटार कंपनी आर्थिक संकटात आणि कामगारसंघर्षात सापडलेली होती. भांडवल थोडे आणि बाजारपेठ लहान, अशा स्थितीत अमेरिकी प्रचंडपणाचे अनुकरण शक्यच नव्हते. तायइची ओनो यांनी पुढील दोन-अडीच दशकांत जी पद्धती घडविली, तिचे मूळ या टंचाईत आहे. ‘मुदा’ म्हणजे व्यर्थ गोष्ट, आणि तिचे सात प्रकार : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, मालाचा साठा, निरर्थक हालचाल आणि सदोष वस्तू. त्यांत अतिउत्पादन हा दोष ओनो सर्वांत घातक मानीत. कारण साठ्याच्या आड इतर सर्व दोष लपतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर या पद्धतीकडे जपानमधील इतर उद्योगांचे लक्ष वेधले गेले.

या सात प्रकारांत धूर नाही, सांडपाणी नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. मिनामाताच्या पाराविषबाधेची अधिकृत नोंद १९५६ सालची. १९७० मध्ये जपानच्या संसदेने प्रदूषणविषयक कायद्यांसाठी खास अधिवेशन भरविले. म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न त्याच देशात, त्याच काळात पेटलेला होता. परंतु ओनोंच्या व्याख्येत ग्राहकाच्या दृष्टीने ज्याने मूल्य वाढत नाही ते व्यर्थ ठरते, आणि नदीकाठचा कोळी हा काही मोटारीचा ग्राहक नव्हे.

प्रदूषण म्हणजेच अपव्यय, हा विचार स्वतंत्रपणे पुढे आला. अमेरिकेतील थ्री एम कंपनीने १९७५ साली सुरू केलेल्या योजनेत प्रदूषण उगमापाशीच रोखावे, त्यासाठी कच्चा माल, प्रक्रिया आणि यंत्रे बदलावी, असे सूत्र होते. १९९० च्या अमेरिकी प्रदूषणप्रतिबंध कायद्याने त्याच तत्त्वाला मान्यता दिली. ‘लीन’ ही संज्ञा जॉन क्रॅफ्चिक यांनी १९८८ मध्ये वापरली आणि वोमॅक, जोन्स व रूस यांच्या १९९० च्या ग्रंथाने ती सर्वत्र पोहोचविली. दोन्ही विचारप्रवाहांची शब्दसंपत्ती जवळजवळ सारखीच असल्याने त्यांचा संगम होणे स्वाभाविक होते.

हा संगम कितपत खरा, याची कसोटी २००१ साली एकाच नियतकालिकात आलेल्या दोन संशोधनांत लागली. किंग व लेनॉक्स यांनी १९९१ ते १९९६ या काळातील १७,४९९ अमेरिकी कारखान्यांची माहिती तपासली. रसायनांचा साठा कमी आणि गुणवत्ताव्यवस्था काटेकोर असणे हे प्रदूषण घटविण्यास पूरक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट रोथेनबर्ग, पिल व मॅक्सवेल यांनी उत्तर अमेरिका व जपान येथील मोटारजोडणीचे ३१ कारखाने अभ्यासले. काटक पद्धतीमुळे रंग व द्रावके यांची बचत होते, हे त्यांनाही आढळले. परंतु बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे उत्सर्जन घटविण्याशी या पद्धतीचा संबंध प्रतिकूल दिसला. प्रक्रियेतील बचत कडक नियमांना पुरी पडत नव्हती. त्यासाठी धुराड्याशी शुद्धीकरणाची यंत्रणा बसवावी लागते, आणि सात ‘मुदां’च्या कसोटीवर अशी यंत्रणा ग्राहकमूल्यात कसलीच भर घालीत नाही.

वाहतुकीच्या बाबतीतही असाच अंतर्विरोध दिसतो. गोदामातील साठा घटविण्यासाठी माल थोडाथोडा आणि वारंवार आणावयाचा, तर मालमोटारींच्या फेऱ्या वाढतात. १९९० च्या सुमारास जपानी शहरांतील वाहनांच्या कोंडीबद्दल या पद्धतीवर टीका झाली, ती याच कारणाने. कारखान्याच्या भिंतीआड झालेली बचत रस्त्यावर खर्ची पडत होती.

सारांश, काटक पद्धती ही पर्यावरणाची शत्रू नव्हे. सदोष वस्तू आणि अतिउत्पादन टळले की त्यांत गुंतलेली ऊर्जा व धातूही वाचतात. पण हा लाभ तिच्या व्याख्येतून आनुषंगिकपणे मिळतो. जेथे मालकाचा तोटा आणि निसर्गाची हानी एकत्र नांदतात, तेथे ती दोहोंचे निवारण करते. जेथे त्या वेगळ्या होतात, तेथे ती मालकाच्या बाजूस झुकते. अमेरिकी पर्यावरणरक्षण संस्थेनेही २००३ च्या अहवालात या पद्धतीच्या दृष्टिआड राहणाऱ्या जागांचा निर्देश केला आणि पुढील मार्गदर्शिकांत वेळेच्या जोडीने पाणी, ऊर्जा व घातक पदार्थ यांची नोंद घेण्याची शिफारस केली. ‘मुदा’च्या यादीत आठवा प्रकार आपोआप येत नाही, तो कायद्याने, लोकमताने किंवा व्यवस्थापकाच्या जाणीवपूर्वक निर्णयाने तेथे लिहावा लागतो, हेच या इतिहासाचे तात्पर्य होय.