आर्वीचे भूकेंद्र : मानक कोणाचे?

यंत्र आधी आणि नियम मागाहून, असा तंत्रविद्येच्या इतिहासाचा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. उपग्रहीय संदेशवहनात तो उलटा ठरतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावानजीक आर्वी येथील भूकेंद्राचे उद्घाटन २६ फेब्रुवारी १९७१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. त्याच्या थाळीचा सुमारे ३० मीटर व्यास आपल्या अभियंत्यांच्या पसंतीचा प्रश्न नव्हता. 'इंटेलसॅट' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'स्टँडर्ड ए' या मानकातून तो निष्पन्न झाला होता.

त्याचे कारण उघड आहे. तत्कालीन उपग्रहांची प्रेषणशक्ती अल्प असल्याने ती उणीव जमिनीवरील प्रचंड थाळीने भरून काढावी लागे. संदेश ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वर धाडावयाचा आणि ४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वीकारावयाचा, हा दंडक सर्वांस सारखा होता. त्यामुळेच आर्वीला हिंदी महासागरावरील उपग्रहामार्फत परदेशांतील केंद्रांशी बोलता आले.

परंतु ही समता केवळ तांत्रिक होती. २० ऑगस्ट १९६४ च्या अंतरिम करारानुसार मताधिकार भांडवलातील वाट्यावर अवलंबून होता आणि प्रारंभी अमेरिकेच्या 'कॉमसॅट'चा वाटा शेकडा ६१ होता. म्हणजे थाळीचा खर्च प्रत्येक राष्ट्राने सोसावयाचा, निर्णयात मात्र एकाचेच पारडे जड! १९७३ मध्ये अंमलात आलेल्या कायम कराराने नियामक मंडळात कोणाही एका सदस्याच्या मतांस शेकडा ४० ची मर्यादा घातली आणि प्रत्येक राष्ट्रास एक मत देणारी सभाही निर्माण केली. मानकाइतकेच महत्त्व ते ठरविणाऱ्या सभेच्या रचनेस आहे, हे यावरून ध्यानी येते.

मानकाची दुसरी बाजू त्याच जुन्नर तालुक्यात, खोडद येथे दिसते. तेथील ३० थाळ्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अंतराळयानांशी संपर्कासाठी बांधलेली नाही. तथापि १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय 'स्कियापरेल्ली' यानाचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत तिने टिपला. मंगळाजवळील यानांच्या परस्परसंपर्कासाठी हा पट्टा १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अंतराळसंस्थांच्या संयुक्त सल्लागार समितीच्या मानकांत समाविष्ट आहे. यान उतरता उतरता नष्ट झाले. पण संकेत कोठे शोधावयाचा हे ठाऊक असल्याने त्याच्या अवतरणाची नोंद पृथ्वीवर राहिली.

आर्वीने मानकाची किंमत मोजली, खोडदने त्याचे फळ चाखले. या दोहोंच्या मध्ये निर्णयातील सहभागाचा प्रश्न उभा आहे, आणि इतिहासकाराने त्याचाच मागोवा घेतला पाहिजे.