‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’

रायपूरच्या पंडरी कापड बाजारातल्या दुकानात टॅलीचा डेटा एका कॉम्प्युटरवर आणि बाकीचे कॉम्प्युटर शेअर केलेल्या फोल्डरमधून तो उघडणारे, ही मांडणी जुनीच. परवानगीत ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ टिचकवलं की झालं, पासवर्डची कटकट नको. नव्या विंडोज ११ प्रोने मात्र बिनपासवर्डच्या ‘गेस्ट’ला दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली आणि कॉम्प्युटरवाल्याचा फोन वाजू लागला.

या फोल्डरांमागचा एसएमबी हा प्रोटोकॉल १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फाइगनबॉम यांनी बेतला. तेव्हा नेटवर्क म्हणजे एका ऑफिसातली ओळखीची माणसं. त्यावर चालणाऱ्या लॅन मॅनेजर या नेटवर्क सॉफ्टवेअरचा पासवर्ड बघा: जास्तीत जास्त १४ अक्षरं, सगळी कॅपिटल केलेली, सात-सातच्या दोन तुकड्यांत. इंग्रजीत रायपूर लिहून पुढे १२३ जोडलंत, तर पहिल्या तुकड्यात शहर आणि १, दुसऱ्यात नुसते २३! तुकडे वेगवेगळे फोडता येत, मग दुसऱ्याला कितीसा वेळ लागणार?

प्रत्येक संदेशावर सही करण्याची सोय १९९७ मध्येच विंडोज एनटी ४ला मिळाली, पण सक्तीची नव्हती. दुसऱ्याची ओळख मधल्यामध्ये उचलून पुढे वापरण्याचा हल्ला २००१ मध्ये जाहीरपणे दाखवला गेला. त्यावर मायक्रोसॉफ्टचा पॅच आला २००८ मध्ये. जुनी सॉफ्टवेअरं बंद पडतील, ही सबब. ती खोटी नव्हती, पण फार महाग पडली.

२०१२ च्या एसएमबी ३.० ने मजकूर एन्क्रिप्ट करून पाठवायची सोय केली. २०१५ च्या ३.१.१ ने कनेक्शनच्या सुरुवातीच्या वाटाघाटीचाही हॅश ठेवला. मधल्या कोणी ‘जुनंच व्हर्जन वापरू’ असं घुसडलं, तर ते पकडलं जाऊ लागलं. तरीही पहिलं व्हर्जन जागोजागी चालूच होतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस त्याच वाटेने पसरला. जूनमधल्या नॉटपेट्याने न्हावा शेव्यातलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प केलं. दोघांनी वापरलेल्या भोकाचा पॅच मार्चमध्येच निघाला होता.

त्यानंतर मूळ सेटिंगच बदलू लागलं. २०१७ अखेरीपासून नव्या विंडोज १० मध्ये पहिलं व्हर्जन बहुतेक ठिकाणी बसवलेलंच नसे. २०२४ च्या विंडोज ११ प्रोमध्ये सही सक्तीची झाली आणि बिनपासवर्डच्या ‘गेस्ट’ला सही करता येत नाही.

पंडरीतला कॉम्प्युटरवाला यावर दोन सेटिंग फिरवून ‘गेस्ट’ परत चालू करतो. दोन युझर आणि पासवर्ड बनवायला दहा मिनिटं पुरतात, पण गिऱ्हाईक काउंटरवर खोळंबलेलं असतं. ओळख पटवण्याची जुनी एनटीएलएम पद्धत जाऊन कर्बेरोस यायचं आहे, तेही या दुकानांना जड जाणार. कर्बेरोस आजवर डोमेन सर्व्हरच्या जिवावर चाललं आणि चार कॉम्प्युटरांसाठी डोमेन कोणी उभारत नाही.