कै. लालबहादुर शास्त्री : आख्यायिका, कागद आणि स्मारक

इतिहाससंशोधकास आख्यायिकेचें भय वाटतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या पुरुषानें मागें वाडा, जमीन वा द्रव्य ठेविलें नाहीं, त्याच्या साधेपणाचा निर्णय कोणत्या साधनांवरून करावा? भारताचे दुसरे पंतप्रधान कै. लालबहादुर शास्त्री यांच्या चरित्राच्या आधारें या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करीत आहों.

शास्त्रीजींचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजीं मोगलसराई येथें झाला. वडील शारदाप्रसाद हे प्रथम शिक्षक व पुढें अलाहाबादेस महसूल कचेरींत कारकून होते. मूल दीड वर्षांचें होतें न होतें तोंच ते वारले, व मातोश्री रामदुलारीदेवींनीं माहेरच्या आश्रयानें त्यास वाढविलें. १९२१ सालीं असहकारितेच्या चळवळींत त्यांनीं शाळा सोडली, व पुढें काशी विद्यापीठांत शिकून १९२५ सालीं 'शास्त्री' ही पदवी मिळविली. जातिदर्शक आडनांव त्यांनीं पूर्वींच टाकिलें होतें. त्या जागीं ही पदवीच रूढ झाली. आपल्याकडे शास्त्री हें घराण्याचें नांव असतें; येथें तें कुलनाम नसून परीक्षेचें चिन्ह आहे, हें वंशावळी जुळविणारांनीं ध्यानांत ठेवावें.

लाला लजपतराय यांनीं १९२१ सालीं लाहोरास स्थापिलेल्या लोकसेवक मंडळाचे ते आजीव सभासद झाले. पुण्यास गोखले यांनीं १९०५ सालीं काढलेल्या भारत सेवक समाजाशीं या संस्थेचें साम्य उघड आहे : अल्प वेतन घेऊन आयुष्य देशकार्यास वाहावयाचें, हाच दोहोंचा नियम. शास्त्रीजी तुरुंगांत असतां घरीं मंडळाकडून दरमहा ५० रुपये येत. त्यांतून १० रुपये शिल्लक पडतात असें पत्नीकडून कळतांच त्यांनीं वेतन ४० करण्याविषयीं मंडळास लिहिलें, अशी कथा सांगतात. ती तोंडोतोंडीं चालत आलेली असल्यामुळें तिला आम्ही पुरावा म्हणत नाहीं.

याहून वरच्या प्रतीचें साधन सरकारी दप्तराचें. १९५६ च्या नोव्हेंबरांत मद्रास राज्यांत अरियलूरनजीक आगगाडीस अपघात होऊन शंभराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. रेल्वेमंत्री शास्त्रीजींनीं राजीनामा दिला. त्याच वर्षीं महबूबनगरच्या अपघातानंतर दिलेला राजीनामा पंडित नेहरूंनीं स्वीकारिला नव्हता. हा मात्र स्वीकारिला, आणि दोष शास्त्रीजींचा म्हणून नव्हे, तर घटनात्मक मर्यादेचा कित्ता पडावा म्हणून, असा खुलासा संसदेंत केला. येथें शंकेस जागा नाहीं.

तिसरें साधन वस्तूचें. पंतप्रधान असतां शास्त्रीजींनीं एक फियाट मोटार घेतली. तिची किंमत १२,००० रुपये. पैकीं ५,००० रुपये पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढावे लागले. १० जानेवारी १९६६ रोजीं ताश्कंद येथें पाकिस्तानाशीं करार झाला, आणि लगेच ११ जानेवारीस तेथेंच त्यांचा अंत झाला. उरलेलें कर्ज ललितादेवींनीं निवृत्तिवेतनांतून फेडिलें, असें कुटुंबीय सांगतात. ज्या निवासस्थानीं ते राहत, त्याच्या आवारांत २००५ सालीं लोकांस खुल्या झालेल्या दिल्लींतील स्मारकांत ती मोटार ठेविलेली आहे.

यमुनातीरावरील विजयघाट ही त्यांची समाधि. १९६५ च्या युद्धाची स्मृति त्या नांवांत आहे, आणि राष्ट्रानें केलेला सन्मान त्या दगडांतून व्यक्त होतो. परंतु मनुष्य कसा होता याची साक्ष समाधीपेक्षां मोटार अधिक देते. राजीनाम्याचा दाखला निश्चित, कर्जाची हकीकत संभाव्य, आणि पन्नास रुपयांची कथा केवळ ऐकीव. तथापि तिन्हींचा रोख एकच आहे. ऐकीव कथेस त्यामुळें सत्याचा दर्जा मिळत नाहीं. मात्र ती केवळ भक्तांची कल्पना म्हणून टाकून देतां येत नाहीं, इतकें आम्हांस निश्चित वाटतें.

आपण संग्राहक सनदा, फर्मानें व मोहोरा जिवापाड जपतों. घरखर्चाची वही, बँकेची पावती, वेतनाविषयींचें चिटोरें यांस मात्र रद्दींत घालतों. ज्याच्यापाशीं सनदा असतात, त्याचा इतिहास त्यांवरून लिहितां येतो. ज्यानें कांहीं जमविलेंच नाहीं, त्याचा इतिहास अशा चिटोऱ्यांवांचून लिहितां येणार नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं जुन्या देशसेवकांचे असे कागद असतील, त्यांनीं ते क्षुल्लक न मानतां जतन करावे, अशी आमची विनंति आहे.