हरणापायी गेलेले सेनापतिपद

शाहू छत्रपतींच्या सातारा दरबारात चाकरी मिळविणे कितपत कठीण होते याविषयी मतभेद होऊ शकेल. पण एकदा मिळालेली चाकरी गमावणे मात्र निःसंशय कठीण होते. शिवछत्रपतींच्या काळी हुद्देदारास रोख वेतन असे, बापाचा हुद्दा बेट्याकडे आपोआप जात नसे, आणि किल्ल्यावरचा कारकून असो वा हवालदार, त्याची बदली ही नित्याची गोष्ट असे. पुढे राजाराम महाराज जिंजीस अडकले, मोगली फौजा सह्याद्रीच्या खोऱ्याखोऱ्यांतून पसरल्या, आणि सरदारांस राज्याच्या बाजूने राखण्यासाठी मुलूखच्या मुलूख सरंजाम म्हणून लिहून देणे प्राप्त झाले. इ.स. १७०७ साली शाहू मोगलांच्या छावणीतून सुटून आले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास सिंहासनारूढ झाले, तेव्हा त्यांच्या पदरी जी अष्टप्रधानांची व सरदारांची मंडळी होती, त्यांपैकी प्रत्येकाची फौज स्वतःची, वसुलाची हक्काची गावे स्वतःची, आणि मान तर सर्वांत आधी स्वतःचा. अशा चाकरास बडतर्फ करावयाचे तर नुसता हुकूम लिहून भागत नसे. त्या हुकुमाबरोबर दुसऱ्या एखाद्या चाकराची फौज रवाना करावी लागे. तेव्हा निव्वळ नालायकीमुळे कोणाचे पद गेल्याची उदाहरणे या दरबारात क्वचितच आढळतात. पद जाण्यासाठी त्या गृहस्थाने स्वतः होऊनच काहीतरी अचाट कृत्य करावे लागे, आणि असे गृहस्थ साताऱ्यास कमी नव्हते.

त्यांचा मुकुटमणी म्हणजे चंद्रसेन जाधव. वडील धनाजी जाधव हे संताजी घोरपड्यांच्या बरोबरीने मोगलांस त्राहि भगवन् करून सोडणारे सेनापती. खेडच्या लढाईत ऐन वेळी ते ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंकडे वळले, आणि त्यायोगे साताऱ्याचे राज्य शाहूंना लाभले म्हटले तरी चालेल. त्यांच्या पश्चात सेनापतिपद चिरंजीव चंद्रसेन यांस मिळाले. धनाजींच्या पदरी वसुलाच्या कामावर श्रीवर्धनचा एक हुशार कारकून होता, बाळाजी विश्वनाथ भट. धनाजींचा त्याच्यावर लोभ होता आणि चिरंजिवांस तो लोभ पाहवत नव्हता. बापाच्या फडावरचा जो कारकून आपल्या डोळ्यांदेखत लेखणी कानावर ठेवून उभा राहत असे, तोच उद्या छत्रपतींच्या विश्वासातला होऊन आपल्या बरोबरीने बसणार, ही गोष्ट तरुण सेनापतीच्या मनास किती झोंबली असेल याची कल्पना कोणत्याही कचेरीत दहा वर्षे काढलेल्या मनुष्यास सहज करता येईल.

इ.स. १७११ च्या सुमारास चौथ, सरदेशमुखी आणि घासदाणा वसूल करण्यासाठी चंद्रसेनाची मोगली मुलखात रवानगी झाली, आणि त्या वसुलातील राजाचा हिस्सा वेगळा काढून घेण्याचे काम बाळाजीपंतांकडे देऊन त्यांस सेनापतीबरोबर धाडण्यात आले. व्यवस्था कागदावर निर्दोष होती, पण माणसांचा स्वभाव जमेस धरता तिच्याइतकी धोक्याची दुसरी व्यवस्था सुचणे कठीण. लढावयाचे सेनापतीने, वसूल करावयाचा सेनापतीने, आणि मुक्कामोमुक्कामी हिशेबाच्या वह्या उघडून विचारणा करावयाची ती त्याच्याच घरच्या जुन्या कारकुनाने! अशा स्थितीत निमित्ताची वाट फार दिवस पाहावी लागत नाही. ते एका हरणाच्या रूपाने आले. बाळाजीपंतांच्या एका स्वाराने शिकारीत एक हरीण गाठले, त्यावरून सेनापतीच्या माणसांत व त्यांच्या माणसांत बोलाचाली झाली, बोलाचालीची कलागत झाली, आणि ती कलागत मिटविण्याऐवजी सेनापतीने खुद्द बाळाजीपंतांसच धरण्याचा हुकूम सोडला.

या ठिकाणी बाळाजीपंतांनी जे केले ते दिसण्यात पराक्रमाचे नव्हते, ते पळाले. प्रथम सासवडकडे गेले, नंतर पुरंदरच्या आश्रयास. पण तो किल्ला ताब्यात असलेल्या पंतसचिवांच्या माणसांस सेनापतीचे वैर ओढवून घेणे परवडण्यासारखे नव्हते, त्यामुळे दरवाजा उघडला नाही. पाठलाग जवळ येऊन ठेपला असता पिलाजी जाधव व धुमाळ अशा दोन शिलेदारांनी आपली थोडीशी माणसे जमवून नीरेच्या आसपास पाठलाग थोपवून धरला, आणि बाळाजीपंत आपल्या दोघा मुलांसह, म्हणजे पुढे हिंदुस्थान गाजविणाऱ्या बाजीराव व चिमाजीसह, वाईनजीकच्या पांडवगडावर कसेबसे पोहोचले. वाईच्या घाटावर उभे राहून आजही तो गड सहज दृष्टीस पडतो. पेशवाईचा सारा पुढचा इतिहास त्या दिवशी त्या डोंगरमाथ्यावर अडकून पडला होता, आणि त्याचे कारण एक हरीण होते.

येथपर्यंत सेनापतीचा अपराध क्षम्य होता. शाहू महाराज स्वभावाने इतके सौम्य की चार दिवस रुसून, एक नजराणा पाठवून, सगळे पूर्ववत् झाले असते. परंतु चंद्रसेनाने गडास वेढा घातला, आणि महाराजांस निरोप धाडला की बाळाजीस माझ्या स्वाधीन करा, नाहीतर आपली चाकरी मी सोडली असे समजा. चाकराने धन्यास दिलेल्या धमक्यांमध्ये ही सर्वांत जुनी, आणि अनुभव पाहता सर्वांत निरुपयोगी. महाराजांनी उत्तर दिले ते अहमदनगराकडे असलेल्या सरलष्कर हैबतराव निंबाळकरांस साताऱ्यास येण्याचे पत्र लिहून. हैबतराव फलटणपर्यंत आल्याचे कळताच चंद्रसेनाने पांडवगडचा वेढा उठवून देऊरकडे कूच केले, आदर्कीनजीक दोन्ही फौजांची गाठ पडली, आणि सेनापतीचा पराभव होऊन ते पन्हाळ्याकडे, ताराबाईंच्या कोल्हापूरच्या पक्षास जाऊन मिळाले. तेथूनही त्यांनी पुढे निजाम-उल्-मुल्काची चाकरी धरली व बिदरजवळ भालकीची जहागीर मिळविली. पुढील काळात साताऱ्याविरुद्ध निजामाच्या ज्या ज्या मसलती झाल्या, त्यांत धनाजी जाधवांचा हा पुत्र हिरिरीने सामील असे.

या प्रकरणाची खरी मौज हैबतरावांच्या उत्साहात आहे. ते जे धावत आले ते धन्याच्या अपमानाने व्याकूळ होऊन नव्हे. धनाजींच्या मागे सेनापतिपद आपणांस मिळावे अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ते मिळाले नाही याची सल त्यांच्या मनात होती. तेव्हा एका डावललेल्या सहकाऱ्याने दुसऱ्या मत्सरग्रस्त सहकाऱ्यास पदावरून हाकलले, आणि त्याचा लाभ तिसऱ्याच सहकाऱ्यास झाला. महाराजांनी बाळाजीपंतांस ‘सेनाकर्ते’ हा किताब दिला. सेनापतिपद मात्र हैबतरावांच्या वाट्यास आले नाही ते नाहीच. ते मानाजी मोऱ्यांकडे आणि नंतर १७१७ साली खंडेराव दाभाड्यांकडे गेले.

सगळ्यांचीच पदे मूर्खपणामुळे गेली असे मात्र म्हणता येणार नाही. पेशवे बहिरोपंत पिंगळे हे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले असता स्वतःच त्यांच्या कैदेत सापडले, आणि १७१३ साली पेशवाईची वस्त्रे बाळाजी विश्वनाथांस मिळाली. पराभव हा अपराध असला तरी तो हास्यास्पद नव्हे. परशुराम त्रिंबक प्रतिनिधींचे पद गेले ते तर पुत्राच्या करणीने: विशाळगड हस्तगत करून त्यांनी तेथे चिरंजीव कृष्णाजीस ठेवले, आणि चिरंजिवांनी सरळ कोल्हापूरकरांचा पक्ष धरून तिकडचे प्रतिनिधिपद पदरात पाडून घेतले! साताऱ्यास वडिलांच्या पायांत बेड्या पडल्या. त्यांस जबर देहदंड होण्याची वेळ आली असता खंडो बल्लाळ चिटणिसांनी मध्ये पडून तो टाळला असे सांगतात. पुढे परशुरामपंतांस पद परत मिळाले, आणि पुत्राचा वंशही विशाळगडास सुखाने नांदला, म्हणजे एकाच घरात दोन्ही दरबारांची प्रतिनिधिपदे आली. यास मूर्खपणा म्हणावे की दूरदृष्टी, याचा निर्णय मी करीत नाही.

अशा दरबारात शहाण्या माणसाचाही समज होणारच की उपद्रव हीच बढतीची वाट. बत्तीस शिराळ्याच्या बाजूस ठाणे बांधून राहिलेल्या उदाजी चव्हाणाने तो समज खराही करून दाखविला: त्याचा उपद्रव आवरेना, तेव्हा महाराजांनी शिराळा व कऱ्हाड या बाजूची चौथ त्यास तोडून देऊन त्याची समजूत घातली. निमूटपणे चाकरी करणाऱ्यांनी हे पाहून काय अनुमान काढले असेल ते काढले असो.

पन्नास वर्षांनी पारडे फिरले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावी माधवराव पेशव्यांनी घरची लढाई थांबविण्यासाठी चुलत्यापुढे मान तुकविली आणि कारभार राघोबादादांच्या हाती आला. दादांनी पहिला उद्योग कोणता केला असेल तर लोकांस पदांवरून दूर करण्याचा. भवानराव प्रतिनिधींचे पद काढून ते स्वतःच्या अजाण पुत्राच्या नावे केले व मुतालिकी, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहण्याचे काम, नारो शंकरांस दिली. गोपाळराव पटवर्धनांकडून मिरजेचा किल्ला फौजेनिशी जाऊन घेतला. चाकरांचा मूर्खपणा आजवर पुष्कळ सांगितला, धन्याचा तो हा. ज्यांस काढले ते सगळे नामांकित आणि फौजबंद, आणि शेजारी निजाम वाट पाहत बसलेला. गोपाळराव व भवानराव दोघेही तिकडे गेले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले, तेव्हा दादांस आपल्या बडतर्फ्यांची किंमत कळली असावी. काढलेल्यांस परत वळविण्याची खटपट तातडीने सुरू झाली, १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनास गोदावरीकाठी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि प्रतिनिधीस प्रतिनिधिपद व पटवर्धनांस मिरज पुन्हा मिळाली. पटवर्धनांनी त्यानंतर पेशव्यांची चाकरी निष्ठेने केली, पण मिरजेच्या किल्ल्याच्या किल्ल्या आपल्याच कमरेला ठेवल्या.

या मालिकेतील शेवटचा पुरुष मला सर्वांत अधिक रुचतो; तो म्हणजे याच भवानरावांचा पुत्र परशुराम श्रीनिवास, लोकांच्या तोंडी थोटेपंत. बालपणीच पद मिळालेले, त्यामुळे पद म्हणजे काम असते ही कल्पना मनास शिवण्याचा प्रसंगच आला नाही. वयात येताच स्वतःच्या मातुश्रींशी आणि मुतालिकाशी वितुष्ट आले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या संमतीने मुतालिकाने धन्यासच कैदेत टाकले. हाताखालच्या माणसाने वरिष्ठास अडकवून कारभार चालविण्याचे हे उदाहरण विरळाच. पण पंतांची प्रीतीतील स्त्री ताई तेलीण ही काही कमी नव्हती. जावळीच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावरून माणसे घेऊन तिने पंतांस सोडविले. सुटल्यावर शहाणा मनुष्य स्वस्थ बसला असता. पंतांनी मुलखात लुटालूट मांडली आणि जाहीर केले की मी पेशव्यांचा चाकर नसून सातारकर छत्रपतींचा चाकर आहे.

कायद्याच्या दृष्टीने यात एक अक्षरही चुकीचे नव्हते. प्रतिनिधी हा छत्रपतींचाच हुद्देदार, आणि मानाच्या पायरीने पेशव्याच्याही वरचा. परंतु छत्रपती स्वतःच साताऱ्यास नजरकैदेत असता, आणि फौज, खजिना व शिक्का हे तिन्ही पुण्यास असता, सनदेतले सत्य असे भर रस्त्यात उच्चारणे हा जो अपराध, तो कोणत्याही काळच्या दप्तरात क्षमेस पात्र ठरलेला नाही. पेशव्यांचे सरदार बापू गोखले चालून आले. वसंतगडाजवळ पंत मोठ्या शौर्याने लढले, त्यांचा हात कायमचा गेला, आणि जखमी अवस्थेत त्यांस पुण्यास नेण्यात आले. मुलखाचा वसूल गोखल्यांकडे गेला. वासोटा ताईने त्यानंतरही सुमारे आठ महिने लढविला, आणि कोठारास आग लागून धान्य जळाले तेव्हाच तो खाली केला. सेनापती, सरलष्कर, पेशवे व प्रतिनिधी यांच्या या साऱ्या हकीकतीत पदाशिवाय लढलेली व्यक्ती ही एकच.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सातारकरांच्या जहागिरदारांशी १८२० साली करार केले, त्यांत पंतांची जहागीर कायम झाली. बाजीरावाने काढलेले इंग्रजांनी परत दिले. हेच पुढचे औंध संस्थान. त्या गादीवर विसाव्या शतकात आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे बेळगावचे एक गृहस्थ जागेच्या शोधात आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना आपली हक्काची बढती एका युरेशियन माणसास दिली म्हणून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता, आणि बेळगावात सायकली व नांगर यांचा धंदा जमविला होता. तिथली जागा नगरपालिकेने घेतल्यामुळे बिऱ्हाड हलविणे भाग होते. हैबतराव निंबाळकरांस जी सल होती तीच यांनाही होती, पण यांनी त्यापायी कोणाचा पाठलाग केला नाही. बाळासाहेबांनी कुंडलरोड स्टेशनाजवळची निवडुंगाने भरलेली माळजमीन त्यांस दिली, आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आज सांगली जिल्ह्यात असलेल्या त्या माळावर कारखाना उभारण्यास आरंभ केला.